संक्रांतीचा फोन

"बाकी सगळे फॉर्म फर्स्ट क्लास आहेत, इरावती. एकच आडवा आलाय," शोभना मॅडम म्हणाल्या, आणि टीम लीडची खुर्ची इरावतीच्या हातून दुसऱ्यांदा निसटली.

कंपनीची रीतच तशी होती. सहा जणांची टीम. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाबद्दल सहा फॉर्म यायचे, सगळे बिननावी. एका जरी फॉर्ममध्ये पाचपैकी तीनच्या खाली गुण पडले की कंप्यूटर ते नाव लीडच्या यादीतून सरळ उडवायचा. कोणता फॉर्म कोणाचा हे मॅडमनाही दिसत नसे. नावं फक्त एचआरकडे.

काय लिहिलंय, असं तिने विचारलं. मॅडमनी मोघम सांगितलं की आत्मविश्वास कमी आहे, मोठं काम एकटीला झेपत नाही वगैरे. मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि संक्रांतीला सर्व्हर बसला होता ना, तेव्हाही परेशला फोन करावा लागला, असं आहे."

इरावतीची कानशिलं तापली.

संक्रांतीचा तो दिवस तिला मिनिटामिनिटाने आठवत होता. इंदूरला बडा गणपती भागातल्या घरी आई गुळाच्या पोळ्या लाटत होती, ही शेजारी लॅपटॉप उघडून बसलेली. एका हॉस्पिटलचं अपॉइंटमेंटचं ॲप बंद पडलं होतं. पाच तास ती एकटीच झुंजली. शेवटी एका ओळीपाशी अडली, तेव्हा तिने टीममधल्या परेशला, महूला त्याच्या घरी, फोन लावला. दहा मिनिटांत सुटलं. फोन ठेवताना तो आपल्या इंदुरी थाटात म्हणाला होता, "कोणाला सांगू नको, भिया. क्रेडिट पूरा तुझं."

तिने सांगितलं नाही. आईलाही नाही. म्हणजे त्या फोनची गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती. आता यात शोधायचं काय उरलं?

त्या दिवसापासून तिचा एक डोळा स्क्रीनवर आणि एक परेशवर. आणि काय सांगावं, जिकडे बघावं तिकडे पुरावाच. ती जवळ गेली की तो लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटायचा. पंधरा दिवसांत दोनदा मॅडमच्या केबिनमध्ये गेला, दोन्ही वेळा दार लावून. बाहेर आला तेव्हा इरावतीकडे बघून उगाच हसला. इतकं गोड कोण हसतं ऑफिसात?

शेजारच्या टेबलावरच्या मितालीने तर आगीत तेलच ओतलं. तिच्या मते परेशलाही लीड व्हायचं होतं, आणि दोन वर्षं महू-इंदूर अपडाऊन तो काय हवा खायला करत नव्हता.

एकदा पोह्यांच्या ठेल्यावर तोच सामोरा आला. शेव जास्त घाल म्हणून ठेलेवाल्याशी भांडत होता. इरावतीला बघून त्याने दुसरी प्लेट सांगितली.

"काय पागनीस मॅडम, आजकाल बोलून नाही राहिल्या. लीड व्हायच्या आधीच इतका भाव?"

"कोण होतं लीड ते बघू," ती म्हणाली.

"तूच होणार. लिहून घे."

लिहून घे म्हणतो! तिने प्लेटला हात लावला नाही. काम आहे सांगून ती लिफ्टकडे वळली, आणि पोहे तसेच त्याच्या हातात राहिले.

सप्टेंबरात पुन्हा फॉर्म आले. तिने ओळीने भरले. मितालीला पाच दिले, उन्मेषला चार, शलाकाला पाच, अनीशला चार. स्वतःचा फॉर्म दरवेळेप्रमाणे चहा गार व्हायच्या आत उरकला. स्वतःचं कौतुक स्वतः कसलं करायचं, असं पागनिसांच्या घरात तिने जन्मापासून ऐकलं होतं. शेवटी परेशचा उघडला आणि तो मात्र सावकाश, शब्द निवडून लिहिला. विश्वास ठेवावा असा सहकारी नाही. पाठीमागे एक, पुढे एक. पाचपैकी एक. एकदा पाठवलेला फॉर्म परत घेता येत नाही, पाठवायचा का, असं स्क्रीनने विचारलं. तिने ठणकावून 'हो' दाबलं.

मग ती उठून थेट केबिनमध्ये गेली. परेशने मागच्या वेळी आपलं नाव मुद्दाम पाडलं, असं तिने सांगितलं. पुरावा म्हणून संक्रांतीचा फोनही सांगितला.

मॅडम चकित झाल्या. "अगं, परेश? तो तर दोनदा येऊन माझ्याशी भांडून गेला. एका फॉर्मवरून इरावतीला अडवू नका, तिच्यापेक्षा कोणी जास्त लायक नाही, म्हणाला. तुला सांगू नका म्हणून हात जोडले."

"ते दाखवायला, मॅडम. फोनचं आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं."

"नक्की?"

"आईची शपथ."

लेखी तक्रार असेल तर एचआर नाव उघडतं. तिने तिथेच बसून तक्रार लिहिली, परेशच्या पूर्ण नावासकट, आणि मॅडमनी ती पाठवली. काचेपलीकडे परेश कोणाला तरी काही समजावत होता, हात हलवत, हसत. हस बेटा, तिने मनात म्हटलं. आणखी पाचच मिनिटं.

उत्तर आलं. मॅडमनी वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं, आणि लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

संक्रांतीच्या फोनचा उल्लेख असलेला फॉर्म. गुण, पाचपैकी दोन. भरणाऱ्याचं नाव: इरावती पागनीस.