कडेवर

डॉक्टरांनी पोरीचे गुडघे दुमडले आणि मांड्या हलकेच दोन्ही बाजूंना उघडल्या. हाड निसटल्याचं खट् बोटांना लागलं नाही. त्यांनी परत करून पाहिलं. मग ताडकन उठून एक्स-रे उजेडावर लावला.

“बसलाय!” ते जवळजवळ ओरडलेच. “मांडीच्या हाडाचा गोळा बघा, बरोबर खुब्याच्या वाटीत!”

बापाला गोळाही दिसला नाही आणि वाटीही. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आज सकाळपासून त्याचं एक अक्षर सरळ आलं नव्हतं. दहा महिन्यांपूर्वी पोर जन्मली तेव्हा ह्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, डावा खुबा सैल आहे, गोळा वाटीतून निसटतो. पट्टा लावा, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर जन्मभर लंगडेल. त्याच आठवड्यात पोरीची आई गेली. पट्टा राहून गेला.

“पट्टा कोणता लावलात?”

“नाही लावला,” तो खाली बघत म्हणाला.

“लावणार कधी?” सोबत आलेली त्याची थोरली बहीण उसळली. “पोर कडेवरून उतरली तर ना! पाट्या रंगवतानासुद्धा कडेवर. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात ही. लोक विचारतात, पेंटर आहेस की पाळणा? सांगून सांगून माझी जीभ झिजली, खाली ठेव, लाडावेल. तर म्हणे, ताई, खाली ठेवली की रडते.”

“कडेवर? घ्या बघू.”

त्याने घेतली. पोरीने बेडकासारखे पाय फाकवले आणि त्याच्या कमरेला घट्ट विळखा घातला. डॉक्टरांनी टाळीच वाजवली.

“बाईच्या कमरेची हाडं पसरट असतात, मूल त्यांवर टेकून बसतं. तुमची कंबर सरळसोट. ही घसरणार, म्हणून जोर लावून धरणार. पट्टा तरी दुसरं काय करतो? पाय असेच धरून ठेवतो. कधी कधी आपोआपही बसतं म्हणा. पण हिला दिवसभर चालताबोलता पट्टा होता!”

“म्हणजे चालेल ना ही?” बहिणीचा आवाज चिरकला.

“चालेल काय, पळेल! आता मात्र ठेवा हिला खाली.”

तो तसाच उभा राहिला. शेवटी डॉक्टरांनीच पोरीला त्याच्याकडून काढून घेतलं आणि स्टुलापाशी उभं केलं. तिचे गुडघे लटपटले. तिने स्टूल पकडलं. दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि टेकलेच राहिले. मग तिने स्टुलावर धपाधप थापा मारल्या आणि खिदळायला लागली.

बहीण भोकाड ऐकायच्या तयारीत होती. ती बघतच राहिली.

“अरे, ही तर हसतेय! खाली ठेवली की रडते म्हणायचास ना?”

“ती नाही गं, ताई,” तो म्हणाला. “मी.”