राहिलेली जवारी

जनाज्याच्या नमाजेआधी मी रिवाजाप्रमाणे सगळ्यांना विचारलं, "अब्बांकडून कुणाचं काही येणं असेल तर सांगा, मी फेडेन. नाहीतर माफ करा."

"माफ केलं," लोक पुटपुटले.

"मी नाही केलं." मागे उभे असलेले म्हातारे सोहनीबुवा होते, अब्बांचे जुने गिऱ्हाईक. "माझा तंबोरा बोलेनासा झालाय. तारांखालची घोडी घासून जवारी काढून देतो, पुन्हा गुंजायला लागेल, म्हणाले होते. आता ते तू फेडायचं."

मी गांगरलो. मिरजेतलं अब्बांचं वाद्यांचं काम सोडून मी कधीच मोबाईल विकायला लागलो होतो.

चाळिसाव्यानंतर बुवा तंबोरा घेऊन घरी आले. मी अब्बांची कानस काढली. तिची मूठ अब्बांच्या अंगठ्याने झिजून खोलगट झाली होती. माझा अंगठा तिच्यात बरोबर बसला. मी तारांखालची घोडी जरा घासायचो, तार छेडायचो, पुन्हा घासायचो. बराच वेळ नुसता ठणठणाट. मग लहानपणी दुपारी ज्याच्यात मला झोप लागायची, तोच गुंजारव घरभर पसरला.

आतून अम्मी धावत आली. मला पाहून दारातच थांबली.

बुवांनी डोळे पुसले. "सुटले तुझे अब्बा. ठेव आता ती कानस."

मला ती ठेववेना.