बुधवारची सुट्टी

"तुम्ही वर जा बघू. खाली मी आहे," असं म्हणत कांचनने उत्तराताईंच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"दूध गॅसवर आहे. उतू गेलं तर..."

"तर मी पुसेन. जा."

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या काही निवृत्त मराठी बायकांनी २००७च्या हिवाळ्यात हे काम सुरू केलं होतं. नातवंडं एकट्याने सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना आठवड्यातली एक दुपार मोकळी करून द्यायची. इथे त्याला रेस्पिट केअर म्हणतात. या बायका नुसतं सुट्टी म्हणायच्या. कांचनच्या वाट्याला उत्तराताईंचा बुधवार आला. पहिल्या वेळी तिने सुचवलं, लायब्ररीत चला, मॉलमध्ये चला, मी ड्राइव्ह करते. उत्तराताई म्हणाल्या, "अहो, मला फक्त उशी बघायचीय."

फोटो तिने त्याच दुपारी पाहिला. स्वयंपाकघरातल्या एका फळीवर देव मांडले होते. देवांच्या शेजारी एका तरुण जोडप्याचा फोटो आणि फोटोपुढे दुकानातल्या गुच्छातलं एक पिवळं फूल.

"आई-बाबा," सौमित्र म्हणाला. उत्तराताईंचा हा नातू, आता पाचवं सरत आलेलं. "फूल मीच ठेवतो. रोज."

कांचनला अमेरिकेत येऊन तीस वर्षं झाली होती. शेजारच्या अमेरिकन बाईने तिथल्या तिथे विचारलं असतं, काय झालं, कधी झालं. कांचनने विचारलं नाही. आपल्यात असं विचारत नाहीत. तिने उत्तराताईंचा हात हातात घेतला. "कठीण आहे."

"कठीणच. पण पोराला कोण बघणार?" उत्तराताई म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

पुढचं सौमित्रनेच सांगितलं. आई-बाबा विमानातून गेले.

"आणि मग?"

"मग आलेच नाहीत. रात्री फोनवर बोलतात."

"तो फोन कानाला लावला की मगच डोळा लागतो त्याचा," उत्तराताई नंतर म्हणाल्या होत्या. मुका फोन कानाशी धरून झोपणारं पोर कांचनच्या डोळ्यांपुढून कितीतरी दिवस हललं नाही. तिने घरी नवऱ्याला सांगितलं.

आज मात्र उत्तराताई वर गेल्या नाहीत. जिन्याच्या पायरीवरच बसल्या.

"रविवारी वाढदिवस आहे त्याचा. आई-बाबा येणार म्हणून बसलाय. रोज विचारतो. मी म्हणते, सुट्टी मिळाली की येतील."

"असं किती दिवस सांगणार?"

"तेच तर. नाही येणार ते, मला कळत नाही का? पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं की जीभ उचलत नाही. माझा परीक्षितही असाच होता लहानपणी. रडायचा नाही, नुसता बघत राहायचा."

कांचन त्यांच्याजवळ टेकली. "उत्तराताई, त्याला खरं सांगायला हवं. मी सांगू?"

उत्तराताईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "सांगा. तुम्ही नीट सांगाल. माझ्यात नाही हो तेवढा धीर."

त्या वर गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला.

बाहेर बर्फ पडत होता. सौमित्रने जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एकामागे एक लावल्या होत्या. पुढच्या खुर्चीत तो स्वतः.

"कांचनआजी, सीट बेल्ट!"

तिने ओढणीची गाठ पोटावर बांधली. "कुठे चाललंय विमान?"

"आई-बाबांना आणायला. मागच्या दोन सीट त्यांच्या. तिथे बसू नकोस हं."

कांचनने गाठ सोडली आणि त्याला मांडीवर घेतलं. कधीतरी सांगावं लागेल म्हणून वाक्य तिने आठवडाभर मनात घोळवलं होतं. आता ते भलतंच लहान निघालं.

"राजा, ते आहेत ना, तिथे विमान जात नाही. ते देवबाप्पाकडे आहेत."

सौमित्रने फळीवरच्या गणपतीकडे पाहिलं. "तिथे जॉब आहे?"

"तसंच समज."

"बाप्पा सुट्टी देत नाही?"

"नाही रे."

"बर्थडेला पण?"

"बर्थडेला पण नाही, बाळा. पण ते तुला वरून बघतात. आणि आजी आहे, मी आहे."

तो रडला नाही. नुसता बघत राहिला. मग मांडीवरून उतरला आणि त्याने मागच्या दोन्ही खुर्च्या ओढत पुन्हा टेबलापाशी नेऊन लावल्या.

"फ्लाइट कॅन्सल," तो म्हणाला. थोड्या वेळाने जवळ येऊन कुजबुजला, "आजीला नको सांगू. तिला वाटतं, ते येणारेत."

कांचनने त्याला पोटाशी धरलं. ती स्वतःच रडायला लागली होती, म्हणून कुलपात फिरणारी किल्ली तिला उशिरा ऐकू आली.

दार उघडलं. आत आलेल्या माणसाच्या खांद्यांवर बर्फ होता, हातात बॅग, बॅगेला विमानतळाची चिठ्ठी. गंमत करायची म्हणून त्याने ओठांवर बोट ठेवलं होतं. कांचनला पाहून ते खाली आलं. त्याच्यामागे उंबऱ्यावर एक तरुण बाई बूट झटकत होती. दोघांनाही कांचनने दर बुधवारी पाहिलं होतं, पिवळ्या फुलामागे.

"मी परीक्षित," तो म्हणाला. "आपण?"

कांचनचा स्वेटर मुठीत घट्ट धरून सौमित्र दाराकडे बघत राहिला. मग मान वर करून त्याने तिला हळूच विचारलं,

"कांचनआजी, बाप्पाने सुट्टी दिली?"