विसाव्याचा धोंडा

गुरुजींनी ब्रश पाण्यात बुडवला आणि थकून खुर्चीला पाठ टेकवली. रानातली वाट अखेर कागदावर उतरली होती: ऐनाची झाडं, पाचोळा, वळण.

"धोंडा राहिला की," मागून शेवंता म्हणाली. ती रोज त्याच वाटेनं चित्रकला शिकायला यायची.

"असू दे गं."

"असं कसं? दिसतं ते सगळं काढायचं म्हणता ना? शेळीचं शिंग राहिलं तर मला परत काढायला लावलंत."

गुरुजींनी कागदावरच्या रिकाम्या वळणाकडे पाहिलं. गेल्या वर्षी पत्नीची तिरडी त्याच धोंड्यापाशी विसाव्याला टेकवली होती.

"माझी आय रोज तिथं मोळी उतरवते," शेवंता म्हणाली. "धोंडा नसला तर ती बसंल कुठं?"

गुरुजींनी सावकाश ब्रश उचलला. "सरक जरा, उजेड येऊ दे," म्हणत ते करडा रंग कालवू लागले.