गालावरचा ठिपका

त्या सरकारी साहेबाने धडधडीत खोटं लिहिलं. वस्तीत पाऊल न टाकता, कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं: वस्ती रिकामी केली, मागे कोणी नाही.

तो कागद शिंपीणबाईच्या दारावर डकवलेला होता. ती रोज त्याला शिव्या घालायची.

"कोणी नाही म्हणे! मग आम्ही काय भिंतीवरच्या पाली?"

"हळू बोल, पालींना राग येईल," वेल्डर म्हणायचा. बायकोचा संताप तो जन्मभर असाच थंड करत आला होता.

कारखान्यातून वायू सुटला त्या दुपारी सगळी गल्ली उठून पळाली. हे दोघं तेवढे राहिले. मग पाणी तुटलं, वीज तुटली. कागद चिकटवायला आलेल्या शिपायाला तिने घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. मेल्याने मान वर केली नाही. आता घरं पाडणार होते.

आणि आज पाखरं मोजणारी पोरगी आली. नाकातोंडावर जाड मुखवटा, गळ्यात दुर्बीण, कानात फोनची वायर. सरळ स्वयंपाकघरात शिरून खिडकीपाशी उभी राहिली.

"बस की गं. आमच्या घराला वास येतो काय, तोंड बांधून आलीस ती?"

पोरगी फोनवर कुणा सरांशी बोलत होती. "हो सर, लांबून दोन्ही जातींच्या चिमण्या सारख्याच दिसतात. घरचिमणीचा नर असेल तर डोक्यावरची टोपी राखाडी, गाल कोरा. रानचिमणीची टोपी तपकिरी, गालावर काळा ठिपका. घरचिमणी माणसाच्या खरकट्यावर जगते, माणूस गेला की तीही जाते. एक जोडी जरी दिसली, तरी इथे कोणीतरी राहतंय असं कळवता येईल. पाडकाम थांबवावंच लागेल त्यांना."

"ऐकलंत?" शिंपीणबाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "आपल्या वळचणीला किती होत्या!"

तेवढ्यात एक चिमणी खिडकीत उतरली. शिंपीणबाईने बोटातल्या अंगुस्तानाने काचेवर टकटक केलं. सुई टोचू नये म्हणून घातलेली ती पितळी टोपी काढायचा तिला कंटाळा, झोपतानाही बोटातच. चिमणी दचकली नाही.

"बघा, घाबरत नाही. आपलीच आहे."

वेल्डरने वाकून पाहिलं. "गालावर ठिपका आहे."

"काजळी लागली असेल."

"दोन्ही गालांना?"

"तुम्ही माझ्या बाजूचे की त्या साहेबाच्या?"

चिमणीच्या चोचीत एक लांब पांढरा केस होता.

"माझाच केस!" शिंपीणबाई हसली. "ओळखीची नसती तर नेला असता?"

वेल्डर हसला नाही. "कुठून उचलला तिने?"

"कंगव्यातून. आणखी कुठून?" म्हणाली खरी, पण शेवटचे केस कधी विंचरले ते तिला आठवेना.

चिमणी भुर्रकन उडाली आणि आतल्या खोलीच्या फुटक्या झरोक्यातून आत गेली. वायू सुटला त्या दुपारी शिंपीणबाई जेवून तिथेच आडवी झाली होती. त्यानंतर नवऱ्याने तिला तिकडे फिरकू दिलं नव्हतं. धूळ साचलीय, म्हणायचा.

"नाही सर," पोरगी म्हणाली. "रानचिमणीच. ठिपका स्पष्ट आहे."

"नीट बघ गं, बाई! घर जाईल आमचं!"

"घरटं आतल्या खोलीत असणार. बघून येते."

वेल्डर दारात आडवा झाला. दोन्ही हात चौकटीला. "पोरी, तिकडे नको. हिच्यासमोर नको."

पोरगी थांबली नाही. दार आतून कशाला तरी अडलं होतं. तिने खांदा लावून ढकललं आणि आत गेली.

मग मुखवट्याआडून आवाज फुटला.

"सर, घरटं पलंगावरच्या भिंतीत आहे. केस उशीवरून नेतायत. तुम्ही त्या साहेबाला फोन लावा. आत्ता लावा! विचारा त्याला, मागे कोणी नव्हतं, तर दाराच्या फटीत चादर कोंबून इथे दाराला टेकलेला हा सांगाडा कोणाचा? आणि पलंगावर ही बाई कोण, जिच्या बोटाच्या हाडावर अजून अंगुस्तान आहे?"