पाकिटावरचं नाव

दुपारच्या सामसुमीत दाराची कडी वाजली. वनमालानं दार उघडलं, तर पोस्टमन पाशामियाँ एक पाकीट उलटसुलट करून बघत उभे.

"वहिनी, विलायतेचं हाय. पत्ता ह्याच घराचा, पर चारुशीला म्हनून इथं कोन न्हाय ना? माघारी धाडू?"

तिचा हात चौकटीवरच राहिला. सात वर्षांत या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

"नका. माझंच आहे."

विलायतेला शिकायला गेलेल्या नवऱ्यानं लिहिलं होतं, 'इथं पाठ केलेलं उत्तर चालत नाही, आधी प्रश्न विचारता यावा लागतो. मला ते जमायला वर्ष गेलं. परवा मित्रांना मोठ्या हौसेनं सांगितलं, की लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं बायकोचं नवं नाव मीच लिहिलं. एकानं विचारलं, तिला विचारून? म्हणून आता विचारतो, तुला कुठल्या नावानं हाक मारू?'

पोस्टमनचं बोलणं ऐकलेली पाच वर्षांची कुमुद पदराला बिलगली.

"चारुशीला कोण गं, आई?"

"मीच. लग्नाआधीची."

"मग लग्नात ती कुठं गेली?"