हजेरीपटावरच्या सह्या

ग्वायाकिलच्या विद्यापीठात प्रोफेसर अन्सेल्मो धंद्यातली नीती शिकवायचे. त्या दिवशी वर्गात डोकी एकोणतीस आणि हजेरीपटावर सह्या त्रेचाळीस!

"कुणी केल्या या खोट्या सह्या? धंद्यात कसोटी लागते ती अशीच. उठा!" ते गरजले.

शेवटी एकटी मारियुक्सी उठली. "एक माझी, प्रोफे. विल्मेरच्या नावाची. तो बंदरावर केळीची खोकी चढवतोय."

"नियम तो नियम," म्हणत प्रोफेसरांनी तिला शून्य दिलं. बाकी तेरा सह्या करणारे छताचा पंखा बघत बसले.

छाती फुगवून प्रोफेसर कचेरीत आले, तर मागोमाग मारियुक्सीही विनवणी करायला दारात येऊन उभी. तिच्याकडे लक्ष नसलेली सेक्रेटरी दोन्या क्लोतिल्दे म्हणाली, "प्रोफे, मंगळवारी तुम्ही समुद्रावर गेलात ना, तुमची हजेरीची सही मी ठोकून दिली. नेहमीसारखी."

तिनं पुढे केलेल्या पटावरची सही अशी देखणी, की खुद्द प्रोफेसरांनाही तशी जमली नसती. त्यांची मान काही वर होईना.

"आणि त्या पोरीच्या शून्याच्या कागदावर सही राहिलीय," क्लोतिल्देनं पेन उचललं. "तीही मीच करू?"